मेजाचें फिरणें आणि मेणबत्तीचें जळणें

इ. स. १८५३ च्या उन्हाळ्यांत लंडन शहरांत एका विलक्षण खेळाची साथ पसरली होती. चार-सहा प्रतिष्ठित स्त्रीपुरुष एका मेजाभोंवतीं बसत, त्यावर हलकेच हात टेकीत, आणि कांहीं वेळ स्तब्ध राहिल्यावर तें मेज आपोआप फिरूं लागे. बसलेल्यांपैकीं कोणीही तें ढकलीत नसे. निदान प्रत्येकाची तशी प्रामाणिक समजूत असे. मग फिरवितो कोण? कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे चुंबकशक्ति, कोणी म्हणे आजवर न कळलेली एखादी नवीनच शक्ति. आणि पुष्कळांचा कल परलोकवासी आत्म्यांकडे असे. आमच्याकडे ज्या घरांतून प्लँचेटचें वेड येऊन गेलें, तेथील वडील मंडळींस हें चित्र अगदींच अपरिचित वाटणार नाहीं.

या प्रकरणीं खुलासा विचारणारे लोक मायकेल फॅरडे यांस भंडावून सोडूं लागले. त्या वेळीं त्यांचें वय ६१ वर्षांचें होतें, आणि विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावून त्यांस २२ वर्षें होत आलीं होतीं. लोहाराच्या पोटीं जन्मलेले, पुस्तकें बांधण्याचा धंदा शिकलेले, कॉलेजाची पायरी कधीं न चढलेले हे गृहस्थ. हें सारें थोतांड आहे, असें एका वाक्यांत सांगून मोकळें होणें त्यांस सहज शक्य होतें. तसें त्यांनीं केलें नाहीं. ज्यांच्या हातांखालीं मेज खात्रीनें फिरतें अशी ख्याति होती, आणि ज्यांच्या सचोटीविषयीं स्वतः त्यांस शंका नव्हती, अशींच माणसें त्यांनीं प्रयोगास बसविलीं.

प्रथम त्यांनीं कांच, चिकणमाती, कथलाचा वर्ख, पुठ्ठा, रबर, लांकूड असे नाना पदार्थ एकत्र करून ते हात व मेज यांच्यामध्यें ठेविले. मेज पूर्वीप्रमाणेंच फिरलें. यावरून आत्मे आहेत असेंही सिद्ध झालें नाहीं आणि नाहींत असेंही नाहीं. सिद्ध झालें तें एवढेंच कीं, हे पदार्थ मध्यें आल्यानें कांहीं अडत नाहीं. म्हणून पुढील साधन यांचेंच केलें, तर ‘तुमच्या साधनानेंच शक्ति अडविली’ असें म्हणावयास कोणास जागा उरणार नाहीं. आम्हांस साऱ्या प्रकरणांत ही पहिली पायरीच सर्वांत मोलाची वाटते. आपल्या विरुद्ध पक्षाचा उद्यांचा आक्षेप आजच ओळखून त्यास आधींच उत्तर देऊन ठेवणें, हें वकिलांस साधतें. विद्यार्थ्यांस शिकवावें लागतें.

नंतर गुळगुळीत पुठ्ठ्याचे चार-पांच तुकडे एकावर एक ठेवून ते मेण व टर्पेंटाइन यांच्या मऊ लुकणानें चिकटविले. जोर लागतांच तुकडे एकमेकांवरून सरकावे, पण सरकल्या जागींच राहावे, अशी योजना होती. आतां मेज जर आधीं हाललें, तर तळचा तुकडा पुढें जाईल आणि वरचे मागें रेंगाळतील. हात जर आधीं हालले, तर वरचा पुढें आणि तळचे मागें. मेज फिरलें, तुकडे तपासले, वरचे पुढें गेलेले होते. तेव्हां मेजानें हातांस नेलें नव्हतें, हातांनींच मेजास नेलें होतें.

याच्याही पुढें जाऊन त्यांनीं दोन पातळ फळ्यांमध्यें कांचेच्या दांड्या घालून वर एक हलकी काडी दर्शकासारखी बसविली. वरची फळी किंचित् जरी एका बाजूस सरकली, तरी काडी कलावी. काडी झांकलेली असतां बसलेल्या माणसाचे हात त्याच्या नकळत दाब देत, आणि ती कलत असे. तीच काडी त्याच्या डोळ्यांसमोर ठेवली कीं मेजाची गति नाहींशी होई. आपला हात ढकलतो आहे हें दिसतांच हात आवरला जाई. फसविणारा तेथें कोणीच नव्हता. प्रत्येक जण स्वतःच्याच स्नायूंकडून फसत होता.

हा वृत्तान्त ३० जून १८५३ च्या ‘टाइम्स’ पत्रांत प्रसिद्ध झाला. त्यांत फॅरडे यांचा रोख मेजापेक्षां शाळांवर अधिक आहे. समाजाचें मन ज्या शिक्षणानें अशा स्थितींत ठेविलें, त्या शिक्षणांतच एखाद्या महत्त्वाच्या तत्त्वाची मोठी उणीव असली पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढें १८६२ सालीं पब्लिक स्कुलांच्या चौकशी-कमिशनापुढें साक्ष देतांना त्यांनीं हीच तक्रार केली: उत्तम शिकलेले लोक येतात, आणि त्यांस आपल्या अज्ञानाचेंही ज्ञान नसतें.

आमच्या नैयायिकांनीं ही उणीव नेमकी कोठें आहे तें दाखवून दिलें असतें. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथें अग्नि आहे, असें म्हणतांना प्रतिज्ञा व हेतु एवढ्यानें भागत नाहीं. जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, ही व्याप्ति स्वयंपाकघराच्या उदाहरणानें दाखवावी लागते. उलट, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नाहीं, म्हणून अग्नीवरून धुराचें अनुमान करतां येत नाहीं. मेज फिरविणाऱ्यांचा हेतु ‘कोणी ढकलीत नाहीं’ हा होता. तो असिद्ध होता, आणि तो असिद्ध आहे हें दाखविण्यास एक गवताची काडी पुरली.

आतां कॉलेजांतील प्रयोगवही उघडून पाहावी. उद्देश, साहित्य, कृति, निरीक्षण, अनुमान असे पांच मथळे ओळीनें मांडलेले असतात. यांतील अनुमान पुष्कळ विद्यार्थी गतवर्षींच्या वहींतून आधीं उतरवून घेतात, आणि मग त्यास शोभेल असें निरीक्षण लिहितात. उत्तर बरोबर येतें, गुण मिळतात. निरीक्षण व अनुमान यांच्यामध्यें जो ‘म्हणून’ असावयास पाहिजे, त्यासाठीं वहींत एक ओळही राखलेली नसते, आणि परीक्षकही ती मागत नाहीं.

फॅरडे यांनीं १८६० च्या नाताळांत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं मेणबत्तीवर सहा व्याख्यानें देण्यास आरंभ केला. तीं याच ‘म्हणून’चीं व्याख्यानें आहेत. विजेच्या प्रखर दिव्यापुढें मेणबत्ती धरली, तर ज्योतीचा जो भाग सर्वांत तेजस्वी, त्याचीच छाया पडद्यावर सर्वांत गडद पडते. म्हणून तेथें प्रकाश अडविणारें कांहीं घन असलें पाहिजे, आणि तें म्हणजे कोळशाचे तापलेले कण होत. तसेंच, बर्फ व मीठ भरलेलें भांडें ज्योतीवर धरलें कीं त्याच्या बुडाशीं थेंब जमतात. हें पाणी मेणबत्तींतून आलें काय?

मुंबईकडील एखादा चुणचुणीत मुलगा येथें उठून म्हणेल, ‘सर, पावसाळ्यांत असलें भांडें नुसतें ठेवलें तरी थेंब जमतात.’ हा आक्षेप अगदीं रास्त आहे, आणि ज्या शिक्षकास तो उद्धटपणा वाटेल त्यानें हा प्रयोग करूं नये हें बरें. उत्तर एका भांड्यानें मिळतच नाहीं. ज्योतीविना तसेंच दुसरें भांडें शेजारीं ठेवून दोहोंवरील पाणी मोजावें लागेल. फॅरडे यांनीं तर हायड्रोजन जाळून पाणी मिळविलें, विजेनें पाण्याचे दोन वायु वेगळे केले, आणि त्याच दोन वायूंपासून पुन्हा पाणी घडवून दाखविलें. एका थेंबासाठीं एवढा खटाटोप.

हीं व्याख्यानें १८६१ सालीं ज्यांनीं संपादून छापलीं ते विल्यम क्रुक्स त्याच वर्षीं थॅलियम धातूच्या शोधानें नांवारूपास आले. पुढें १८७१ सालीं याच क्रुक्स यांनीं होम नांवाच्या प्रसिद्ध माध्यमाची परीक्षा घेतली. फळीचें एक टोंक मेजावर व दुसरें ताणकांट्यास लटकविलेलें. मेजावरील टोंकाशीं होमचीं बोटें. आणि कांट्यावर वजन वाढलेलें दिसलें. यावरून एक नवीन शक्ति सिद्ध झाली, असें त्यांनीं जाहीर केलें; १८७४ सालीं तर फ्लॉरेन्स कुक या तरुणीच्या आत्मादर्शनाचीही त्यांनीं ग्वाही दिली. कांटा खरा, आंकडे टिपलेले, टिपणारा रॉयल सोसायटीचा सभासद.

आम्हीं हीं दोन वर्णनें, फॅरडे यांच्या काडीचें आणि क्रुक्स यांच्या कांट्याचें, शास्त्रज्ञांचीं नांवें गाळून प्रथम वर्षाच्या वर्गास देतों. कोणता निष्कर्ष खरा, असें आम्ही विचारीत नाहीं. प्रत्येक प्रयोगानंतर दुसरें कोणतें कारण शक्य राहिलें, तें कागदावर लिहावयास सांगतों, आणि त्यासाठीं पूर्ण तास देतों. काडीच्या बाबतींत पुष्कळांचे कागद कोरे येतात. कांट्याच्या बाबतींत मात्र, ‘माध्यमाचे हातपाय कोणीं धरले होते काय?’ हा प्रश्न मागल्या बांकांवरूनच आधीं येतो.