बदली आणि डेलिगेट

परळ-लालबागच्या गिरण्यांच्या दरवाजाशीं एके काळीं रोज सकाळीं माणसांचा घोळका उभा असे. आंत एखाद्या मागावरचा कामगार आला नाहीं, कीं जॉबर त्या घोळक्यांतून एकास आंत घेई. यास ‘बदली’ म्हणत. माग तोच, काम तेंच. मात्र आज तें कोण करणार हें सकाळीं ठरे आणि ठरविणारा जॉबर. वशिला व दस्तुरी यांचें राज्य त्या दरवाजावर किती होतें, हें गिरणगांवांतील जुन्या घरांस सांगावयास नको. १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालक संघानें बदलीचीं कार्डें सुरू केलीं; रिकाम्या जागीं कार्डवाल्यांतूनच माणूस घ्यावयाचा, असा नियम झाला. जॉबरचा हात त्यामुळें आंखडला, पुरता सुटला मात्र नाहीं.

हें आठवण्याचें कारण संगणकाच्या भाषांचा इतिहास. तेथेंहि हाच प्रश्न उभा राहिला होता. पडद्यावरील बटण दाबल्यावर काय व्हावें, हें बटण घडविणारास ठाऊक नसतें. तो केवळ एक जागा रिकामी ठेवतो. डेनिस रिची यांच्या ‘सी’ भाषेंत त्या जागीं कामाचा नुसता पत्ता ठेवीत. त्या पत्त्यावर योग्य तेंच काम आहे किंवा कसें, याची चौकशी सहज चुकवितां येई. आणि भलताच माणूस मागावर गेला, कीं सारा कारभार कोसळे. शिवाय १९६७ च्या ‘सिम्युला’पासून, म्हणजे नॉर्वेंतील डाल व नायगार्ड यांच्या भाषेपासून, माहिती आणि तिजवरचीं कामें एकत्र बांधून त्यांची एक ‘वस्तु’ करण्याची दृष्टि आली होती. अर्थात् काम कोणतें, एवढें सांगून भागेना. तें कोणत्या वस्तूनें करावयाचें हेंहि धरून ठेवणें आलें. डेलिगेट या दोहोंची गांठ बांधतो. तो एक प्रकारें कार्डच होय: काय घ्यावयाचें व काय परत द्यावयाचें हें जुळल्याखेरीज आंत प्रवेश नाहीं.

आतां भांडणाचा भाग. १९९८ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या ‘व्हिज्युअल जे प्लस प्लस’ मध्यें डेलिगेट आणला. जावा भाषेची जनक सन कंपनी रागावली. वर्गाच्या पोटांत दुसरा वर्ग घालून जें साधतें, त्यासाठीं भाषेंत हें परकें कलम कशाला, असा तिचा आक्षेप. दोघींचा कोर्टांतील दावा १९९७ पासून चाललाच होता. तो २००१ सालीं मिटला. भाषेच्या शुद्धतेपुरता सनचा आक्षेप खरा होता. पण रोज लिहिणाऱ्याच्या बोटांना होणारे कष्ट तिनें मोजले नाहींत, असें मला वाटतें. अँडर्स हेल्सबर्ग यांनीं तोच डेलिगेट २००० सालीं जाहीर झालेल्या ‘सी शार्प’ भाषेंत मानानें बसविला, आणि त्याचें भावंड शोभावें अशी सोय २०१४ सालीं जावांतहि आली.

डेलिगेटाची एक खोड नवशिक्यांस फार छळते. बटणाच्या यादींत एखाद्या वस्तूचें नांव एकदां चढलें, कीं तें खोडीपर्यंत, निदान तें बटण आहे तोंवर, ती वस्तु स्मृतींतून जात नाहीं. तिचें काम कधींच संपलेलें असलें तरी. गिरणींतली रीत नेमकी उलटी. तेथें कायमच्या हजेरीपटावर नांव चढावें म्हणून माणूस वर्षानुवर्षें बदलींत झुरे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत बदली कामगारांस कायम करा, हीहि एक मागणी होती.