१५ डिसेंबर १९०५ : इरावती कर्वे यांचा जन्म

ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे मराठी वाचकाला ‘युगान्त’मुळे ठाऊक आहेत; संशोधक म्हणून त्यांनी दाखवलेले धैर्य मात्र मागे पडते. १९२०च्या दशकाअखेर बर्लिनमध्ये त्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकत होत्या. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाची खूण कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेत सापडेल, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्या असमानतेशी संबंध नाही, असे प्रबंधात लिहिले. परक्या देशात, मार्गदर्शकाच्याच गृहीतकाविरुद्ध! पुढे महाराष्ट्रातील जातींची शरीरमापे घेताना त्यांनी वंशशास्त्राची चौकट सोडली नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. त्या पद्धतीच्या मर्यादा मान्य करायलाच हव्यात. पण पद्धत उसनी असली तरी निष्कर्ष उसने नव्हते. एकाच जातिनामाखाली आपसांतच लग्ने करणारे वेगवेगळे गट नांदतात, हे त्यांनी मोजमापे आणि गावोगावची पाहणी यांच्या आधारे मांडले. ‘युगान्त’ आवडलेल्यांनी त्यांचा ‘हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ हा १९६१चा ग्रंथही अवश्य वाचावा.