धामापूर तलाव

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील, कर्ली नदीच्या खोऱ्यातला जुना तलाव. विजयनगरच्या राज्याचे मांडलिक नागेश देसाई यांनी धामापूर आणि काळसे गावच्या लोकांच्या साह्याने १५३० मध्ये तो बांधला, असे मानले जाते. डोंगरांमधल्या खोलगट भागाला मातीचा बांध घालून पाणी अडवलेले आहे. कोकणात पाऊस मुबलक, पण उताराची जमीन पाणी धरून ठेवत नाही. म्हणून हा बांध मोलाचा. त्याच्या पाण्यावर खालची भातशेती आणि माड-पोफळीच्या बागा पोसल्या गेल्या. काठी भगवती देवीचे मंदिर असून त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. लग्नकार्यासाठी गरजूंनी फुलांची परडी पाण्यात सोडून मागणे केले की देवी सोन्याचे दागिने उसने देई, कार्य उरकल्यावर ते परत करायचे. कोणीतरी लोभाने ठेवून घेतले आणि देणे थांबले, अशी आख्यायिका गावोगाव सांगतात. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. काठावरची दाट झाडी हा त्याचा खरा रक्षक. ती तुटली तर डोंगरउताराची माती तलावात येऊन साचेल.