पंचांगातला पाऊस

यंदा मृगाचे वाहन कोणते, हा प्रश्न ज्यांनी लहानपणी घरी ऐकला असेल त्यांना पंचांग हे केवळ तिथी-मुहूर्ताचे पुस्तक वाटणार नाही. मृगापासून स्वातीपर्यंतची पर्जन्यनक्षत्रे, प्रत्येकाचे सुमारे साडेतेरा दिवस, आणि त्या प्रत्येकावर स्वार झालेला बेडूक, मोर, कोल्हा किंवा गाढव. या प्राणिमेळ्याची मोहिनी आमच्या मनावरून अजून उतरलेली नाही. आणि तरीही तिच्याविषयी चार कठोर शब्द लिहिणे भाग आहे.

वाहन ठरते कसे? सूर्य एखाद्या नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्री आहे ते पाहावयाचे, सूर्यनक्षत्रापासून तिथपर्यंत मोजावयाचे आणि त्या संख्येस नवाने भागावयाचे. बाकी तीन उरली तर बेडूक, सात उरली तर म्हैस, काहीच न उरल्यास हत्ती. म्हणजे पाऊस भरपूर. दोन उरल्यास कोल्हा, मग ओढ. या गणितात ढग नाही, वारा नाही, जमिनीची ओल नाही. कोकणाला आणि माणदेशाला वाहन एकच!

वराहमिहिराने सहाव्या शतकात असे केले नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘बृहत्संहिते’त मेघांच्या गर्भाची कल्पना आहे: हिवाळ्यात वारे, अभ्रे, चंद्रसूर्यांभोवतीची खळी यांवरून गर्भधारणा ओळखावयाची आणि १९५ दिवसांनी प्रसवाची वाट पाहावयाची. निष्कर्ष चुकीचा असेल, पण त्याला आकाशाकडे पाहावे लागत होते. पुढच्या पंचांगकर्त्याला मान वर करण्याचीही गरज उरली नाही.

मुद्रणाने हे फळ घरोघर नेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८४१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला सोवळे लोक शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई वापरली असे सांगतात. त्यापूर्वी गुढीपाडव्याला जोशीबुवांच्या तोंडून ऐकावयाचे वर्षफल आता खुंटीला टांगून ठेवता येऊ लागले. छापील अक्षराचा अधिकार त्याला आपसूक मिळाला.

पण आमच्या मते खरी गोष्ट निराळीच आहे. नक्षत्रे ऋतूंशी बांधलेली नाहीत. संपातचलनामुळे सूर्याचा नक्षत्रप्रवेश साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. आज मृग ७ जूनच्या आसपास लागतो. वराहमिहिराच्या काळी तो, आजच्या दिनमानाने, मेच्या तिसऱ्या आठवड्यात लागत असे. आणखी हजार वर्षांनी तो २१ जूनच्या सुमारास लागेल. मृग आणि मोसमी पाऊस यांची गाठ अनादी नव्हे, ती अलीकडच्या काही शतकांची आहे. पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ आणि पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणणारी लोकभाषा त्या शतकांतच घडली असली पाहिजे.

याच सरकण्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षितांसारख्या विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात सायन पंचांगाचा पक्ष घेतला. मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून ऋतूंशी जुळणारी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती शासकीय कागदांवर राहिली. बांधावर पोचली नाही. तिच्यात मृग नव्हता ना!

शेतकरी भोळा आहे म्हणून मृग टिकला, असे मात्र आम्हांस वाटत नाही. ‘मृगात पेरले’, ‘हत्तीचा पाऊस गाठला’ या बोलण्यात भविष्य नसते, हिशेब असतो: कोणत्या पंधरवड्यात कोणते काम झाले, कोणते हुकले. हस्ताचा हत्ती तर भोंडल्याच्या पाटावर चितारला जातो आणि मुली त्याच्याभोवती फेर धरतात. वाहनांची कोष्टके उद्या नाहीशी झाली तरी ही कालगणना भाषेतून जाणार नाही.

धोका असतो तो पहिल्या सरीनंतर. २००९ आणि २०१४ या दोन्ही वर्षी जून महिना देशभर बव्हंशी कोरडा गेला. अशा वर्षी बेडकाच्या भरवशावर ज्याने पेरले त्याचे बियाणे मातीतच करपते आणि दुबार पेरणीसाठी त्याला पुन्हा सावकाराच्या किंवा बँकेच्या दारी उभे राहावे लागते. पंचांगात या दुबार पेरणीला मात्र नक्षत्र नाही.