पुढचं चाक आणि तिरकं लँडिंग

विमानाचं पुढचं चाक म्हणजे नाक जमिनीला लागू नये म्हणून दिलेला टेकू, असं आपल्याला वाटतं. पण मंडळी, एका जुन्या अमेरिकन विमानात हे चाक चक्क स्टिअरिंगचा भाग होतं. त्यामुळे त्यात थोडा जरी बदल केला तरी लँडिंगचा सगळा हिशोब बदलायचा. त्या विमानाचं नाव अर्कूप.

१९३० च्या दशकात बहुतेक छोट्या विमानांचं तिसरं चाक शेपटीखाली असायचं. म्हणजे वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. चाकं जरा तिरकी टेकली की मागचं वजन पुढे जायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. हातगाडी ढकलताना भरकटते आणि ओढली की सरळ येते, तसंच हे. नासाच्या आधीची संस्था म्हणजे नाका. तिथला इंजिनिअर फ्रेड वाइक याने काही सहकाऱ्यांबरोबर, ऑफिसचं काम सांभाळून, फावल्या वेळात एक विमान बांधलं. (वीकेंड प्रोजेक्ट म्हणतात तो हा!) त्यात तिसरं चाक नाकाखाली आलं आणि वजन मुख्य चाकांच्या पुढे गेलं. आता तिरकं टेकलं तरी विमान आपलं आपण सरळ होणार.

१९३६ मध्ये वाइक मेरीलँडमधल्या अर्को कंपनीत गेला आणि १९३७ मध्ये अर्कूप उडालं. त्यात पायाशी रडरची पेडल्सच नव्हती! पंखांवरचे एलेरॉन, शेपटीचे दोन रडर आणि पुढचं चाक, सगळं एकाच स्टिअरिंगला जोडलेलं. कार चालवता येते ना, मग हेही येईल, असा सगळा विचार. १९४० मध्ये त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळालं, आणि युद्धानंतर तर ते मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरमध्येही विकायला ठेवलं होतं.

आता खरी गंमत आडव्या वाऱ्यात. इतर विमानांत पायलट टेकायच्या जरा आधी पेडल दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो. अर्कूपमध्ये पेडलच नाही, म्हणून ते खेकड्यासारखं तिरकं येतं आणि तिरकंच टेकतं. तेव्हा पायलटने स्टिअरिंगवरची पकड सैल सोडायची. घट्ट धरून ठेवलं तर पुढचं चाकही त्याच दिशेला अडकून राहणार! सैल सोडलं की वजन विमानाला सरळ ओढून घेतं.

पण त्यासाठी टायरवर वजन पडायला हवं. मूळ अर्कूप जमिनीवर जवळजवळ आडवं उभं राहायचं. नाक खाली आलं की पंखांची उचल जवळपास संपायची आणि सगळा भार चाकांवर यायचा.

पुढे चाकाला एका बाजूने धरणाऱ्या काट्याऐवजी दोन्ही बाजूंनी धरणारा काटा आला. दिसायला दणकट, पण त्याने नाक थोडं वर गेलं. झालं! आता तिन्ही चाकं टेकल्यावरही पंख वाऱ्याला कोन देऊन उभे राहतात आणि थोडी उचल शिल्लक राहते. टायर हलके पडतात, आणि सरळ होण्याआधीच विमान वाऱ्याबरोबर घसरू शकतं. पुढच्या भागाला हातही न लावता हेच होऊ शकतं. मुख्य चाकांच्या पायांमधल्या रबरी चकत्या जुन्या होऊन दबल्या की शेपूट खाली आणि नाक वर. म्हणून इलाज बहुधा मागे असतो. चकत्या बदलायच्या, शेपूट पुन्हा वर आणायची.

‘मग पेडल्सच बसवा की!’ असं कुणी म्हणेल. तसे किट निघालेही, आणि काहींना ते आवडतात. पण जन्मतः दोन्ही हात नसलेल्या जेसिका कॉक्सने २००८ मध्ये पायलटचं लायसन्स मिळवलं ते अर्कूपवरच. एक पाय स्टिअरिंगवर, दुसरा थ्रॉटलवर. तिथे पेडल्ससाठी तिसरा पाय आणायचा कुठून? वाइकने काढून टाकलेली गोष्ट हीच तिच्यासाठी सगळ्यात मोठी सोय ठरली.

आपल्याकडेही जुन्या कोडमध्ये असे ‘टेकू’ असतात. एका फाइलमध्ये मजबुती आणायला जावं तर भलतीकडेच काहीतरी घसरतं. असो. कधी एखादं अर्कूप तिरकं टेकून सरळ व्हायला कुरकुर करत असेल, तर पायलटला नावं ठेवण्याआधी त्याची शेपूट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावं.