पुरवून खाणं : दुष्काळी पट्ट्यातल्या एका चुलीचा हिशेब

आज आपल्याला कुठल्या लढाईकडे किंवा तहाकडे वळायचं नाही. आज चुलीपाशी बसायचं आहे.

आपल्याकडे एक शब्द आहे, 'पुरवून खाणं'. स्वस्त खाणं वेगळं, कमी खाणं वेगळं, उपाशी राहणं तर वेगळंच. पुरवून खाणं म्हणजे घरात आहे तेवढं धान्य, हातात आहेत तेवढे पैसे, पुढच्या बाजारापर्यंत, पुढच्या सुगीपर्यंत नेऊन पोचवणं. 'औंदा ज्वारी पुरवठ्याला आली न्हाई' असं इकडची बाई म्हणते, तेव्हा ती पिकाबद्दलही बोलत असते आणि स्वतःच्या हिशेबाबद्दलही. पुढे सरकारनं खात्याचं नाव ठेवलं 'अन्न व नागरी पुरवठा'. शब्द चुलीजवळचाच. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे अशा शब्दापाशी आम्ही जरा जास्त वेळ थांबतो. कारण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे : पुरेसं म्हणजे किती, आणि ते ठरवायचं कुणी?

हा प्रश्न आपण निमगाव केतकीच्या परिसरात उभं राहून विचारणार आहोत. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं हे गाव. आषाढात तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते. पानमळ्यांसाठी गाव ओळखलं जातं. पण विड्याचं पान जेवणानंतरचं, त्यानं पोट भरत नाही. पानमळा म्हणजे बाजाराचं पीक, खायचं धान्य वेगळंच. हा सगळा तालुका पर्जन्यछायेतला. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत थकतो, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून इथलं मुख्य अन्न रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. परतीचा पाऊस काळ्या रानात मुरला की त्या ओलीवर येणारं पीक. हस्ताचा पाऊस चुकला की वर्ष चुकलं.

राज्यकर्त्यांना हा तालुका फार लवकर माहीत झाला. प्रिंगल साहेबाची सारापद्धत इथे साफ कोसळली, आणि मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली ती इंदापुरातच. जमिनीची प्रत, खोली, रंग, सगळं मोजलं. पुढे मुंबई इलाख्यात जी रयतवारी पक्की झाली, तिचा धडा इथे गिरवला गेला. जमिनीला किती सारा झेपेल हे मोजलं. त्या जमिनीवरच्या घराला किती भाकरी लागतात हे मोजायला मात्र आणखी कित्येक दशकं गेली.

ते आपणच मोजून बघू. घरात सहा माणसं धरा. दुपारी माणशी दोन भाकरी, रात्री दीड. झाल्या एकवीस. एका भाकरीला नव्वद-शंभर ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे दिवसाला दोन किलो. महिन्याला साठ, वर्षाला सात क्विंटलच्या वर. कोरडवाहू शाळू एकरी दोन-तीन क्विंटल धरला, तर नुसत्या भाकरीला तीन एकर रान हवं, तेही पाऊस झाला तर. त्यातून सारा, बियाणं, बलुतं, साहुकार. मंडळी, १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी साहुकारांच्या वह्या जाळल्या. ते सुपे आज बारामती तालुक्यात आहे. आपण त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतो, आणि व्याज, गहाणखतं, कोर्ट यांच्या भाषेत वाचतो. ते खरंच आहे. पण वहीत नुसता पैसा नव्हता, धान्यही होतं. आषाढ-श्रावणात कणगी खरवडून झाली की वाढीदिढीनं धान्य आणायचं, म्हणजे एक पायली आणली तर सुगीला दीड पायली घालायची. थोडक्यात, पुढच्या वर्षीची भाकरी या वर्षी खाल्ली जायची.

आता अशा घरात सैपाक कसा व्हायचा? इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरं ज्ञान इथे आहे आणि ते कुणी ग्रंथात लिहून ठेवलेलं नाही.

पहिली गोष्ट, इथल्या जेवणात भाकरी हे जेवण आणि बाकी सगळं 'कोरड्यास'. शहरात भाजीबरोबर पोळी खातात, इथे भाकरीबरोबर कोरड्यास. ते थोडंच असतं, म्हणून जहाल असतं. लसूण-मिरचीचा खर्डा, जवसाची किंवा कारळ्याची चटणी, शेंगदाण्याचं कूट. त्याचं काम पोट भरण्याचं नसतं. कोरडा घास गिळायला लावणं हे त्याचं काम. गंमत बघा, ही मिरची आणि हा शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आलेले. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. आपण ज्याला 'अस्सल गावरान' म्हणतो ते ताट तीन खंडांनी मिळून वाढलेलं आहे.

दुसरी गोष्ट पाणी. पिठल्याचं शास्त्र पाण्याचं आहे. वाटीभर बेसन, त्याला चार वाट्या पाणी, आणि पाच-सहा माणसांचं कोरड्यास तयार. पाहुणा आला तर आणखी अर्धी वाटी पाणी आणि चमचाभर चटणी. यवतला तुकोबांच्या पालखीला पिठलं-भाकरीचं जेवण असतं हे तुम्हाला माहीत असेल. इतक्या माणसांना एवढ्या वेळात, एवढ्या खर्चात दुसरं काय घालणार? येसूर घातलेलं कालवण त्याच जातीचं. धान्य-डाळी भाजून दळलेलं पीठ, चिमूटभर घातलं की पातळ पाण्याला अंग येतं. पुरणाच्या दिवशी डाळ शिजवलेलं पाणीसुद्धा फेकायचं नाही, त्याची कटाची आमटी. सणाच्या दिवशीची ही चैन म्हणजे मुळात काटकसरच.

तिसरी गोष्ट हुलगा. याला कोकणात कुळीथ म्हणतात. हलक्या रानात, कमी पावसावर येतो. त्याचं माडगं, त्याची शेंगोळी. पोषणशास्त्र आज सांगतं की तृणधान्यात लायसिन हा घटक कमी असतो आणि कडधान्यात तो भरपूर असतो, दोन्ही एकत्र खाल्ली की प्रथिनांची जोड पुरी होते. आमच्या आज्यांना लायसिन ठाऊक नव्हतं. पण हिवाळ्यात, कामाच्या दिवसांत माडगं पाजायचं हे ठाऊक होतं. हुलग्याला हलक्या लोकांचं खाणं म्हणून नाक मुरडणारेही होतेच. अन्नाची जात लावायला आपल्याकडे फार वेळ लागत नाही.

चौथी गोष्ट, रानातून फुकट मिळणारं. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून वाळवून ठेवायचा. तांदुळजा, घोळ, पाथरी, करडईचा पाला. ज्वारीच्या कण्या ताकात. शिळी भाकरी कुस्करून फोडणीला. सरपणही जमेला धरा : तुराट्या, गोवऱ्या. चूल एकदा पेटली की आधी कोरड्यास, मग भाकरी, आणि उरलेल्या आरावर दूध किंवा पाणी. निखारासुद्धा पुरवून वापरायचा.

मापं तशीच. चार शेरांची पायली, शेराचं निम्मं मापटं, मापट्याचं निम्मं चिपटं. टंचाईत घरातलं माप हळूच बदलायचं. मापट्याऐवजी चिपटं आणि मूठभर. हा बदल पुरुषांना कळायचाही नाही.

आता दुसरीकडचं माप बघू. १८७६-७७ चा दुष्काळ. सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामांवर देखरेख करायला आले, आणि मद्रास इलाख्यात त्यांनी मजुराला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि एक आणा पुरेसा ठरवला. बाईला त्याहून कमी. ज्वारीच्या शंभर ग्रॅमला ३४० उष्मांक धरले तर एक पौंडाचे होतात दीड हजारांच्या थोडे वर. भाकरीत सांगायचं तर पाचसुद्धा नाहीत, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे डॉक्टर कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. आपल्या मुंबई इलाख्यातही मजुरी कापली गेली, तेव्हा हजारो मजूर कामं सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुढाकारानं, जिल्ह्याजिल्ह्यातली माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. 'माणूस किती खाल्ल्यावर जगतो' या प्रश्नावर आपल्याकडे झालेला हा पहिला मोठा जाहीर वाद. आणि हेही लक्षात ठेवा, की त्याच काळात दुष्काळी काम म्हणून नीरेच्या कालव्याचा विचार पुढे सरकला. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहू लागला, आणि बारामती-इंदापुरात दोन प्रकारची ताटं तयार झाली. एक पाटाखालचं, एक जिराईत. अंतर कधीकधी एका ओढ्याचं.

मग १९७२. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्यांना सांगायला नको. सलग पाऊस हुकला होता. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि मुख्य म्हणजे खडी. मजुरी दिवसाला तीन रुपयांच्या आत-बाहेर. अमेरिकेतून तांबडी मिलो ज्वारी आली. तिकडे ती मुख्यतः जनावरांचा खुराक. तिच्या भाकरीला चिकटपणा नाही, थापताना कडा फुटायच्या. बायकांनी मग उकळत्या पाण्यात पीठ घेरून मळायला सुरुवात केली. कामावर सुकडी मिळायची, ती पोरं आधी खायची. बारामतीच्या भागात त्याच सुमाराला 'कासा' या ख्रिस्ती सेवासंस्थेकडून आलेलं धान्य आणि तेल मजुरी म्हणून देऊन पाझर तलाव झाले. तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाईविरोधात बायकांचे लाटणे मोर्चे काढले. खेड्यात खडी आणि शहरात लाटणं. दोन्हीकडे प्रश्न एकच होता.

ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला. धान्याचं उत्पादन एवढं कोसळूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, याचं श्रेय ते प्रामुख्यानं या कामांना देतात. हातात मजुरी आली म्हणून बाहेरचं धान्य गावात आलं. विसापूरच्या वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर रुजली. १९७७ मध्ये कायदा झाला, आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. आमच्या मते या सगळ्यातली मोठी गोष्ट वेगळी आहे. कामावर बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि कित्येकींच्या हातात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाची रोख मजुरी पडली. पुरवायचं काम तिचंच होतं, आता पुरवायचे पैसेही काही अंशी तिचे झाले.

याच वर्षांत पुण्यात तिसरं माप तयार होत होतं. १९७१ मध्ये गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब. त्यावर पां. वा. सुखात्मे, हेही पुण्यातलेच, मूळचे साताऱ्याकडचे, म्हणाले की शरीराची गरज रोज तीच नसते. ती खालीवर होते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशी धरू नका. हा वाद वर्षानुवर्षं चालला, आणि दोन्ही बाजू विद्वानांच्या होत्या. पण त्या जुळवून घेण्याकडे जरा चुलीजवळून बघा. २२५० उष्मांकांना साडेसहाशे ग्रॅम ज्वारी लागते, तेवढी घरात नाही. मग जुळवून कोण घेतं? सहा माणसांच्या घरात सहाही जणं सारखं जुळवून घेतात का?

नाही घेत. आधी कामाला जाणारा गडी, मग पोरं, मग म्हातारी माणसं, आणि शेवटी ती. दुरडीत एकवीसऐवजी सतरा भाकरी असतील, तर ज्या चार कमी पडल्या त्या सगळ्यांच्या ताटातून थोड्याथोड्या कमी होत नाहीत. त्यांतल्या दोन तरी तिच्याच असतात. 'मला भूकच नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. टेंपल साहेबानं बाईला कमी धान्य लावलं म्हणून आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. घरातही हाच दर चालू होता, फक्त तो कुणी लिहून काढला नव्हता. अर्थशास्त्रज्ञ कुटुंब मोजतो, माणशी भागाकार करतो, आणि त्या भागाकारात शेवटी जेवणारी बाई नाहीशी होते. पुरवून खाण्याचं आम्ही एवढं कौतुक केलं, ते खरंच आहे, ती मोठी विद्या आहे. पण जमाखर्चाचा मेळ ती पुष्कळदा स्वतःच्या पोटातून बसवत होती, हे सोडून त्या विद्येचं कौतुक करता येत नाही.

अलीकडचं थोडक्यात सांगतो. १९९५ नंतर युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली. २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. तिच्यात भाकरीच्या जागी दोन चपात्या आणि भात. मधल्या पंचवीस वर्षांत ताट बदललं ते असं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, म्हणून गरिबाच्या घरात चपाती आणि भात आला. शाळूच्या रानात पाणी पोचलं तिथे ऊस, डाळिंब गेलं. कडब्यासाठी तरी ज्वारी करावी म्हणणारे आहेत, पण बाजारात आज चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग. हायवेच्या हॉटेलात 'गावरान थाळी' म्हणून पिठलं-भाकरी-खर्डा मिळतो, त्याच्या किमतीत एखाद्या घराचं आठवड्याचं कोरड्यास निघेल. हुलगा दुकानात मागून घ्यावा लागतो.

आणि एक कागद. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचं नाव घालायला लावलं, तिचं वय अठरा किंवा जास्त असलं की झालं. माणशी पाच किलो धान्य तिच्या नावावर येतं. त्याच महाराष्ट्रात, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण पाचात एक. याला बाळंतपणं, पाळी, जंत अशी इतर कारणं आहेत, सगळं ताटावर ढकलता येणार नाही. पण कार्डावर पहिलं नाव जिचं, ती जेवायला कितवी बसते, हे विचारायचा रकाना पाहणीत अजून तरी ठळक नाही.

वह्यांबद्दल, म्हणजे साहुकारी आणि सुप्याच्या बाजाराबद्दल, पुढच्या व्याख्यानात सविस्तर बोलू. आता प्रश्न घेऊया. मागच्या बाजूला बसलेल्या बायाबापड्यांनी आधी विचारावं.