बाळंतपणाचा खर्च कोणाच्या वहीत?

माझ्या जन्माच्या वेळी आईचे डोरले गहाण पडले. ते सुटले तेव्हा मी दुसरीत होतो. घरात ही गोष्ट कधी तक्रार म्हणून सांगितली गेली नाही. दुष्काळ पडला, गाय मेली, तसेच तेही एक. पण आपल्या वस्तीतल्या कोणत्याही म्हातारीला विचारावे. लग्नाच्या कर्जाबद्दल ती चारचौघांत बोलेल, बाळंतपणाच्या कर्जाबद्दल मात्र आवाज खाली करील. आपल्या चळवळीच्या इतिहासात पाणवठा आहे, मंदिर आहे, वतन आहे, जमीन आहे. मूल जन्माला घालण्यासाठी काढलेले कर्ज त्यात सहसा आढळत नाही. ते का नाही, आणि मुळात हा खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नाचा माग येथे थोडक्यात काढायचा आहे.

जुन्या गावगाड्यात बाळंतपणाला रोख पैसा फारसा लागत नसे. सुईण बहुधा मांगवाड्यातून येई. नाळ कापणे, वार पुरणे, विटाळाची लुगडी धुणे ही कामे तिची. मोबदला म्हणजे सुपातले जोंधळे, खोबऱ्याची वाटी, जुने लुगडे. एरवी जिची सावलीही नको, तिच्या हातात सवर्णाचे मूल प्रथम पडे. मग ती उंबऱ्याबाहेर गेली की घर सारवून घेत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. अडलेली बाई तेथे मरतच असे. एवढेच की, तेव्हा माणूस मरे पण मागे कर्जाचा कागद उरत नसे. कागद आला तो शहरात, रोख मजुरीबरोबर.

पहिल्या महायुद्धानंतरच्या मुंबईत गिरणी कामगाराचे कुटुंब एका खोलीत राही, आणि बहुतेक त्याच खोलीत बायका बाळंत होत. १९२१ साली मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण, नोंदलेल्या जन्मांवर काढलेले, हजारी ६०० च्या वर गेले होते. (पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात वा घाटावर जात. त्यांच्या मुलांचे जन्म मुंबईत नोंदले जात नसत, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला आहे. तरी तो भयंकरच.) कामावर परतलेली आई तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवी. १९२६ साली परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले, ही त्या काळातली मोठीच सोय. पण खाट मिळाली तरी बुडालेल्या मजुरीचे काय? ती भरून काढी तो सावकार. व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात लिहून ठेवले आहे की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात होती आणि रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर होता. म्हणजे दरसाल दरशेकडा ७५! अस्पृश्य कामगाराची स्थिती याहून बिकट. कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागतो, म्हणून बरा पगार असलेल्या विणकाम खात्यात त्याला शिरकाव नव्हता. जेथे कमाई कमी तेथे कर्ज लवकर, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात असवले यांनी तसेच विधेयक मांडले आणि २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब त्यावर बोलले. विरोधकांचे म्हणणे ठरलेले होते: धंद्यावर बोजा पडेल, मालक बायकांना कामावरून काढतील. बाबासाहेबांनी प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे ही तिच्या घरची खासगी बाब नाही, त्यात राष्ट्राचे हित आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भाग वस्तुतः सरकारनेच उचलावा. तथापि मालक जर स्त्रियांना कामावर ठेवतो तर त्यात त्याला फायदा दिसतो म्हणूनच, तेव्हा त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही. या भाषणाचा उल्लेख आपण स्त्रीदाक्षिण्याचा नमुना म्हणून करतो आणि पुढे जातो. मला वाटते, त्यात याहून मूलगामी काही आहे. एक खर्च बाबासाहेब नवऱ्याच्या आणि सावकाराच्या वहीतून काढून मालकाच्या व सरकारच्या वहीत टाकायला सांगत होते.

१९२९ साली कायदा झाला. रोज आठ आणे, जास्तीत जास्त सात आठवडे. हिशेब केला तर साडेचोवीस रुपये. रक्कम किरकोळ खरी, परंतु सावकाराकडे न जाता मिळालेली. अडचण रकमेपेक्षा पात्रतेची होती. बाई कारखान्याच्या हजेरीपटावर हवी, तिची ठरावीक महिन्यांची नोकरी हवी, तिने नोटीस दिलेली हवी. कोळशाच्या वखारीत पाट्या वाहणारी, कंत्राटदाराकडे खडी फोडणारी, दुसऱ्याचे संडास झाडणारी बाई कोणत्या हजेरीपटावर होती? गिरण्यांतल्या स्त्रियांची संख्याही पुढच्या दशकांत घसरत गेली. रात्रपाळीची बंदी, यांत्रिकीकरण आणि हा भत्ता टाळण्याची मालकांची वृत्ती, तिन्ही कारणे त्यात होती. विरोधकांचे भाकीत काही अंशी खरे ठरले, हे मान्य केले पाहिजे. पण ते खरे ठरवले मालकांनीच. आणि सरकारने आपला वाटा उचलला असता तर मालकाला ती सबब उरली नसती.

त्यानंतर कायदे वाढले. खाणींतील स्त्रियांसाठी १९४१ चा, राज्य विम्याचा १९४८ चा, सबंध देशासाठी १९६१ चा. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली आणि वर्तमानपत्रांनी अभिनंदनाचे रकाने लिहिले. हजेरीपटाचा उंबरा मात्र तेथेच राहिला.

उंबऱ्याबाहेरच्यांसाठी योजना आल्या. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालील बाळंतिणीला दवाखान्यात बाळंत झाल्यास खेड्यात ७०० आणि शहरात ६०० रुपये ठरले. पहिली काही वर्षे दोन अपत्यांची अट होती. जणू तिसरे मूल पोटात असताना पोटाला कळा येत नाहीत! २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, औषधे, रक्त, जेवण आणि वाहनासह मोफत असल्याचे जाहीर झाले. घोषणा चांगली आहे आणि ती जेथे पाळली जाते तेथे बायका वाचतात. परंतु ‘भूलतज्ज्ञ नाहीत, पुढे न्या’ हे वाक्य रात्री दोन वाजता ज्याने ऐकले आहे त्याला पुढचा रस्ता ठाऊक असतो. तो खासगी इस्पितळाच्या अनामत खिडकीशी जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी संस्थांतील १४.३ टक्के, तर खासगीतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली दिसतात. हा फरक केवळ शरीरशास्त्राचा असेल यावर माझा विश्वास नाही. सावकारही बदलला आहे. आता आठवड्याला हप्ता गोळा करणारी कंपनी दहा बायकांचा गट करते आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात उभ्या राहतात.

सगळ्यांत जुनी वही मात्र उसाच्या फडात शिल्लक आहे. बीड जिल्ह्यातून दिवाळीनंतर निघणारी जोडपी, नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच उचल घेऊन निघतात. मागच्या बाळंतपणाचे देणे त्या उचलीतून फिटते आणि पुढचे बाळंतपण त्या उचलीतच अडकते. दिवस भरलेली बाई मोळ्या वाहते, कोपीत बाळंत होते आणि फार तर चार दिवसांनी पुन्हा फडात दिसते. २०१९ साली शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत बीडमधील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यावर बराच गदारोळ झाला. त्या शस्त्रक्रियांचा खर्चही पुष्कळदा उचलीतूनच झाला होता, याकडे कमी लोकांचे लक्ष गेले. पाळीचा दिवस असो की बाळंतपणाचा, मुकादमाच्या वहीत त्यापुढे ‘खाडा’ लिहिले जाते आणि खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो.

या वह्या कोणत्याही दफ्तरखान्यात जाणार नाहीत. हंगाम संपला की चुलीत जातात. मराठवाड्यातील आपल्या शिक्षक व विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती आहे की, येत्या हंगामाच्या शेवटी ज्या कोयत्यांचा हिशेब पाहता येईल तो उतरून घ्यावा. रक्कम, तारीख, कारण. आणि घरातल्या गहाणाच्या चिठ्ठ्या राहिल्या असतील तर त्याही.